पिवळं पान, ओली कुंडी आणि वाफसा

माझ्या हातून गेलेली पहिली मिरची पाण्याने गेली, आणि ती जात होती तेव्हा मी तिला खत घालत होतो. पानं मलूल झाली म्हणून पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी ती आणखी लोंबली, म्हणून आणखी दिलं. मग खालची पानं पिवळी पडली. पिवळं म्हणजे नत्र (नायट्रोजन) कमी असं कुठेतरी वाचलेलं होतं, म्हणून चमचाभर विद्राव्य, म्हणजे पाण्यात विरघळणारं, खत लिटरभर पाण्यात कालवून ओतलं. पानांची टोकं करपली. आता खत जास्त झालं असणार, म्हणून कुंडी बादलीभर पाण्याने धुऊन काढली. चौथ्या दिवशी रोप उपटलं तेव्हा हातात खोड आलं आणि त्याला चार काळपट दोरे. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, तसला प्रकार.

यातला एकेक उपाय सुटा पाहिला तर चूक नव्हता. मलूल रोपाला पाणी देतात, पिवळ्या रोपाला नत्र देतात, खत जास्त झालं तर कुंडी धुतात. चूक होती ती पानाकडे बघून मुळाचा निर्णय घेण्यात. पानाकडे तक्रार सांगायच्या तऱ्हा मोजक्याच असतात. ते लोंबतं, पिवळं पडतं, करपतं किंवा वळतं. एवढ्या चारपाच खुणांमध्ये त्याला डझनभर दुखणी बसवायची असतात. म्हणून निदान करायचं तर पानावरून सुरुवात करावी, पण तिथेच थांबू नये.

आधी वाफसा

शेतकऱ्यांच्या बोलीत एक फार नेमका शब्द आहे, वाफसा. पाऊस पडून गेला, जास्तीचं पाणी खाली निघून गेलं, मातीत ओल आहे पण पोकळ्यांत हवाही आहे, अशा अवस्थेला वाफसा म्हणतात. वाफशावर पेरणी होते, चिखलात होत नाही. कुंडीतल्या झाडाच्या निम्म्याहून अधिक तक्रारी या एकाच शब्दाभोवती फिरतात, असं माझं मत आहे.

कारण मुळं श्वास घेतात. हिरवं पान उजेडात स्वतःचा प्राणवायू तयार करतं, मुळाला ती सोय नाही. त्याला तो मातीच्या पोकळ्यांतूनच मिळवावा लागतो. आणि प्राणवायू हवेत जितक्या वेगाने पसरतो त्याच्या साधारण दहा हजार पट हळू पाण्यात पसरतो. कुंडीतली माती सतत गच्च ओली राहिली की पोकळ्या पाण्याने भरतात आणि मुळं गुदमरतात. गुदमरलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. म्हणजे कुंडीत पाणी तुडुंब, आणि झाड मात्र तहानलेलं. पान लोंबतं ते खरोखर पाणी पोचत नाही म्हणूनच. फक्त त्यावरचा उपाय पाणी नसतो.

टोमॅटोसारख्या झाडात याच्या जोडीला आणखी एक गोष्ट घडते. बुडालेल्या मुळांत एका रासायनिक पदार्थाचा साठा होतो, तो खोडातून वर चढतो आणि पानात पोचल्यावर त्याचं इथिलीन होतं. फळं पिकवणारा वायू म्हणून आपण ज्याला ओळखतो, तोच. त्याच्या प्रभावाने देठाची वरची बाजू जास्त वाढते आणि अख्खं पान देठापासून खाली झुकतं. म्हणून जास्त पाण्याने लोंबलेलं पान हाताला भरीव, जड लागतं आणि देठापासून वाकलेलं असतं. पाण्याअभावी लोंबलेलं पान पातळ, कागदासारखं आणि निर्जीव लागतं, कडा कुरकुरीत होऊ लागलेल्या असतात. दोन्ही पानं बोटांत धरून पाहिली की फरक कळतो, फोटोवरून कळत नाही. मुळं पुरती सडली असतील तर मात्र हा फरकही पुसला जातो, कारण तेव्हा झाड चिखलात उभं राहून खरोखरच वाळत असतं.

याहून खात्रीची खूण म्हणजे कुंडीचं वजन. पाणी देऊन, जास्तीचं गळून गेल्यावर कुंडी एकदा उचलून पाहावी. मग रोज उचलावी. दोनतीन फेऱ्यांत हाताला कळू लागतं की भरलेली कुंडी किती जड असते आणि तहानलेली किती हलकी. कुंडी जड आणि पानं लोंबलेली असतील, तर पाण्याला हात लावायचा नाही. हलकी असेल तर द्यायचं. उचलता येत नाही अशा मोठ्या कुंडीत बोट दोन पेरं खाली घालून पाहावं, किंवा लाकडी काडी तळापर्यंत खुपसून दहा मिनिटांनी काढावी. वरचा थर तासाभरात सुकतो, त्यावर विश्वास ठेवू नये. ओलाव्याच्या काटेवाल्या स्वस्त मीटरवर त्याहून कमी ठेवावा. त्यातले बरेच मीटर खरं तर विजेचं वहन मोजतात, आणि मातीत क्षार जास्त असले तर कोरड्या मातीलाही ओली म्हणतात.

पानं कधी लोंबली, हेही पाहावं. भर दुपारी लोंबली आणि सूर्य उतरल्यावर सावरली, तर पानातून उडणाऱ्या पाण्याच्या वेगाला मुळं तात्पुरती पुरी पडली नाहीत, एवढंच. त्यात आजार काही नाही. झाड जेवढं पाणी शोषतं त्यातलं 95 टक्क्यांहून जास्त असंच पानांवाटे उडून जातं, तेव्हा कडक उन्हात हिशोब थोडा चुकणारच. सकाळी उजाडताना लोंबलेली दिसली, तर ती खरी तक्रार.

स्पंज काय शिकवतो

भांडी घासायचा नवा स्पंज घ्या, पाण्यात पूर्ण भिजवा आणि आडवा धरा. थेंब गळायचे थांबेपर्यंत थांबा. आता तोच स्पंज लांब कडेवर उभा करा. पुन्हा पाणी गळू लागेल. मग आखूड कडेवर उभा करा, आणखी गळेल. स्पंज तोच आहे, कोणी पिळलेला नाही, फक्त उंची वाढली.

कुंडीत हेच होतं. निचरा थांबल्यावरही तळाशी काही सेंटिमीटरचा एक थर पाण्याने पूर्ण भरलेला राहतो. त्या थराची जाडी ठरते ती मिश्रणाच्या कणांवरून, कुंडीच्या उंचीवरून नाही. बारीक माती असेल तर थर जाड, भरड मिश्रण असेल तर पातळ. त्यामुळे उथळ कुंडीत हा थर निम्मी जागा खाऊन टाकतो, तर उंच कुंडीत तेवढाच थर खाली पडून राहतो आणि वर मुळांना भरपूर वाफसा मिळतो.

आता तळाशी खडे, विटांचे तुकडे घालण्याची पद्धत बघा. निचरा सुधारावा म्हणून घालतात, होतं उलटं. बारीक मातीतलं पाणी खालच्या भरड थरात सहजी उतरत नाही. वरची माती आधी पूर्ण भरावी लागते. म्हणजे तो चिखलाचा थर नाहीसा होत नाही, खड्यांच्या डोक्यावर जाऊन बसतो, मुळांच्या आणखी जवळ. निचरा सुधारायचा असेल तर भरड घटक, म्हणजे पेरलाईट (फुगवलेल्या खनिजाचे हलके पांढरे कण), भरड वाळू किंवा नारळाच्या सोडणाचे तुकडे, सगळ्या मिश्रणात कालवायला हवेत. भोकातून माती वाहून जाते ही अडचण असेल तर जाळीचा तुकडा पुरतो.

मोठ्या कुंडीत लावलेलं इवलंसं रोप हाही याच गटातला घोटाळा. मुळं मुठीएवढ्या जागेत आणि ओली माती घमेलंभर. ती मुळांनी पिऊन संपत नाही आणि आठवडाभर तशीच आंबट राहते. मातीवर हिरवट शेवाळ, भोवती घोंगावणारी बारीक काळी चिलटं आणि कुबट वास या तिन्ही गोष्टी एकत्र दिसल्या तर दुसरा पुरावा शोधत बसू नये.

उलट बाजूचाही एक चकवा आहे. कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) किंवा पीट (दलदलीतल्या कुजलेल्या शेवाळाचा भुसा) असलेलं मिश्रण एकदा पूर्ण वाळलं की पाण्याला जवळ करत नाही. गोळा आकसतो, कुंडीच्या कडेने फट पडते आणि घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली वाहून जातं. तबकडी भरते, आपल्याला वाटतं पोटभर पाणी झालं, आणि मुळांभोवतीचा गोळा ठणठणीत कोरडा. इथेही वजनच खरं बोलतं. अशा वेळी कुंडी पाण्याच्या टबात अर्धा तास बसवून ठेवावी, वरपर्यंत ओल चढली की काढून निथळू द्यावी.

एवढ्याने शंका फिटली नाही, तर रोप कुंडीतून बाहेर काढून मुळं बघावीत. लोक याला फार घाबरतात. खरं तर कुंडी आडवी करून, कडा थोपटून, गोळा अलगद सरकवला तर झाडाला काही होत नाही. पांढरी मुळी दिसली, टणक आणि मातीचा ताजा वास असलेली, तर मुळं चालू आहेत, दोष दुसरीकडे शोधायचा. तपकिरी, बुळबुळीत, घाणेरडा वास, आणि चिमटीत धरून ओढल्यावर वरची साल मोज्यासारखी निघून आत दोरा उरला, तर कूज लागली आहे. काही झाडांची मुळं निरोगी असतानाही पिवळी किंवा तांबूस असतात, म्हणून रंगापेक्षा टणकपणाला जास्त मान द्यावा.

भूक कोणत्या पानाने सांगितली?

पाणी आणि मुळं ठीक आहेत हे कळल्याशिवाय खतापाशी यायचं नाही. आलात, तर पहिला प्रश्न पान कसं दिसतं हा नसून पिवळं पान झाडावर कुठे आहे हा आहे.

झाडाला 17 मूलद्रव्यं लागतात. त्यातली तीन, कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन, हवा आणि पाण्यातून येतात. उरलेली 14 मुख्यतः मुळांतून. यातली काही झाडाच्या अंगात एकदा बसली तरी पुन्हा हलवता येतात. नत्र, स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅशियम) आणि मॅग्नेशियम ही त्यातली. तुटवडा आला की झाड म्हाताऱ्या पानातून ती काढून घेतं आणि कोवळ्या शेंड्याला देतं. म्हणून यांची कमतरता आधी खालच्या पानांत दिसते. कॅल्शियम, लोह, बोरॉन एकदा जिथे बसले तिथेच राहतात. त्यांचा तुटवडा आला की नव्या पानाला काहीच मिळत नाही, म्हणून तक्रार शेंड्याला दिसते. एवढं एक सूत्र लक्षात राहिलं तरी निम्मी दिशाभूल टळते.

खालची पानं सरसकट, शिरांसकट फिकी पडत असतील आणि झाड एकूणच किरकोळ दिसत असेल, तर नत्र. खालच्याच पानांत शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, जाळीसारखा, तर मॅग्नेशियम. हरितद्रव्याच्या रेणूच्या मधोमध मॅग्नेशियमचा अणू बसलेला असतो. झाड तोच उपसून वर पाठवतं. अगदी तशीच जाळी शेंड्याच्या कोवळ्या पानांत दिसली तर लोह. चित्र एकच, जागा वेगळी, औषध वेगळं. पालाश कमी असेल तर जुन्या पानांच्या कडा आधी पिवळ्या आणि मग तपकिरी होतात. स्फुरद कमी असेल तर झाड खुजं, गडद, कधी जांभळट. पण नुसती थंडी पडली तरी पानं जांभळी होतात, त्यामुळे त्या रंगावरून घाई करू नये.

कॅल्शियमचं थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण त्यात लोक हमखास फसतात. टोमॅटोच्या फळाचा बूड काळा पडून आत खचतो. कॅल्शियम कमी, असं निदान होतं, आणि ते फळापुरतं खरंही असतं. पण मातीत कॅल्शियम बहुतेक वेळा पुरेसं असतं. ते पाण्याच्या प्रवाहाबरोबरच वर जातं, आणि प्रवाह जास्त तिकडे, म्हणजे पाणी उडवणाऱ्या पानांकडे. फळ पाणी जवळजवळ उडवत नाही, म्हणून त्याच्या वाट्याला कमी येतं. त्यात कुंडी एक दिवस कोरडी आणि एक दिवस तुडुंब असली की पुरवठा तुटतो. कॅल्शियमची पूड घालण्याआधी पाण्याच्या वेळा सुधाराव्यात, पुढची फळं बहुधा चांगली येतात.

शिवाय सगळंच पिवळं पान आजारी नसतं. रोपाची पहिली दोन बीजपत्रं गळणारच. गर्द झालेल्या झाडाची सावलीतली एखाददुसरी खालची पानं गळणारच. आणि पानावर सुईने टोचल्यासारखे बारीक फिके ठिपके असतील तर पान उलटं करून बघा. लाल कोळी ही रस शोषणारी बारीक कीड बसली असेल तर कुठल्याही खताने ती उठत नाही.

एकोणिसाव्या शतकात जर्मनीत कार्ल श्प्रेंगेल याने एक नियम मांडला आणि युस्टस फॉन लीबिग याने तो गाजवला, इतका की आज तो लीबिगच्याच नावाने ओळखला जातो. झाडाची वाढ ठरते ती सर्वांत तुटपुंज्या घटकावरून, बाकीचे कितीही ओतले तरी उपयोग नाही. खताच्या संदर्भात हा नियम सगळे सांगतात. पण कुंडीत तो सर्वांत तुटपुंजा घटक पुष्कळदा मुळांचा प्राणवायूच असतो.

जेवण आहे, पण घास जात नाही

आता सगळ्यात गोंधळाचा भाग. मातीत अन्नद्रव्य आहे आणि तरी झाड उपाशी आहे, असं का होतं?

एक कारण आपण पाहिलं, गुदमरलेली मुळं. दुसरं कारण सामू, म्हणजे पीएच. मातीचा आम्ल-विम्ल गुण मोजणारा हा आकडा एकाने बदलला म्हणजे आम्लता दहापट बदलते. माती भरलेल्या कुंडीला साधारण 6 ते 7, आणि कोकोपीट-पीटच्या मिश्रणाला 5.5 ते 6.5 हा पल्ला मानवतो. सामू वर सरकला की लोह विरघळेनासं होतं. ते मातीत असतं, पण गंजासारखं, मुळाला न उचलता येणारं. जड, म्हणजे क्षार जास्त असलेलं, पाणी महिनोन्‌महिने घातलं की त्यातल्या बायकार्बोनेटमुळे सामू हळूहळू चढतो, आणि एक दिवस शेंडा पिवळा दिसतो. तिथे नत्राचा डोस वाढवून काहीही होणार नाही. चिलेटेड लोहाने, म्हणजे विरघळलेलं राहील अशा रूपात बांधलेल्या लोहाने, तात्पुरता आराम पडतो, कायमचा उपाय म्हणजे पाण्याचा सामू खाली आणणं.

तिसरं कारण आपापसातली चढाओढ. पालाश फार झालं की मुळं मॅग्नेशियम आणि कॅल्शियम कमी उचलतात. फुलं यावीत म्हणून कोणी पालाशचा मारा करतो आणि मग खालच्या पानांत जाळी दिसते.

चौथं कारण क्षारांचा साठा. खत म्हणजे अखेर क्षारच. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. ते वाढले की मातीतलं पाणी मुळाला ओढायला जड जातं, म्हणजे पुन्हा ओल्या कुंडीत तहान. पानांची टोकं आधी करपतात, कुंडीच्या कडेला आणि मातीवर पांढरी पापडी धरते. नत्र अति झालं तर पानं काळपट हिरवी होतात, टोकं खाली वळतात आणि फुलं येत नाहीत.

माझा चमचा आठवा. 19:19:19, म्हणजे नत्र, स्फुरद आणि पालाश प्रत्येकी 19 टक्के असलेलं खत, एक ग्रॅम एका लिटरमध्ये घातलं तर त्या पाण्यात लिटरला 190 मिलिग्रॅम नत्र होतं. नेमाने खत-पाणी देणारे जाणकार साधारण 100 ते 200 मध्ये राहतात. चमचाभर म्हणजे पाच ग्रॅम धरले तर 950. झाड करपलं यात नवल काय! चमच्याऐवजी छोटा वजनकाटा वापरावा, हा सल्ला मी हल्ली मागितल्याशिवायही देतो.

ज्यांच्याकडे सामू आणि ईसी (पाण्याचं विजेचं वहन, ज्यावरून त्यातले क्षार कळतात) मोजायचं यंत्र आहे त्यांनी भोकातून येणारं पाणी मोजावं. नेहमीसारखं पाणी देऊन तासभर थांबायचं, मग वरून थोडं साधं पाणी घालून खाली गळणारं पन्नासेक मिलिलिटर गोळा करायचं. घातलेल्या खत-पाण्यापेक्षा बाहेर आलेल्याची ईसी बरीच जास्त असेल, तर क्षार साठले आहेत. ईसीऐवजी पीपीएम (दहा लाखांत किती भाग) दाखवणाऱ्या मीटरवर आकड्यांची तुलना जपून करावी. एक ईसी म्हणजे कुठल्या मीटरवर 500 तर कुठल्या मीटरवर 700.

क्षार साठले असतील आणि मुळं निरोगी असतील, तर कुंडीच्या घनफळाच्या दोनतीन पट साधं पाणी सावकाश ओतून धुवावं, दहा लिटरच्या कुंडीला वीस ते तीस लिटर. निरोगी मुळं ही अट महत्त्वाची आहे. कुजत्या मुळांची कुंडी धुणं म्हणजे बुडणाऱ्याच्या डोक्यावर घागर ओतणं, आणि मी नेमकं तेच केलं होतं.

हाताला आवर

उपाय करताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पाणी कमी केलं, खत बदललं, कुंडी उन्हातून सावलीत नेली, हे सगळं एकाच दिवशी केलं तर झाड सुधारलं तरी कशाने ते कळत नाही, आणि बिघडलं तरी कळत नाही. मी कुंडीच्या कडेला चिकटपट्टी लावून तीवर तारीख आणि केलेली एकच गोष्ट लिहितो. मग आठ-दहा दिवस काही नाही. करपलेली कड पुन्हा हिरवी होत नाही, पुष्कळ पिवळी पडलेली पानंही होत नाहीत, त्यांच्याकडे बघून जीव टांगणीला लावू नये. उपायानंतर फुटलेलं पान कसं आहे, ते बघायचं.

मूळकुजीत काय करायचं, तेवढं राहिलं. सडलेली मुळं स्वच्छ कात्रीने काढून टाकायची. उरलेल्या मुळांना जेमतेम बसेल अशी लहान कुंडी, नवं भरड मिश्रण, आणि मुळं कमी झाली त्या मानाने वरच्या फांद्यांचीही थोडी छाटणी. जागा उजेडाची, पण थेट कडक उन्हाची नाही. पाणी कुंडी हलकी लागल्यावरच. या काळात रोप दीनवाणं दिसतं आणि खत द्यायला हात शिवशिवतो. पण मुळाला जखमा असताना क्षार झोंबतातच. तळाच्या भोकाशी पांढरी मुळी डोकावली, किंवा शेंड्याला नवं पान ताठ उभं राहिलं, की मग अर्ध्या मात्रेने सुरुवात करायची.